तीन खणांचं कपाट

गणिताच्या बाईंचं ठाम मत होतं, गणिताला भाषा लागत नाही. भाषेचे सर त्यांचे यजमान, त्यामुळे हे मत त्या घरीही मांडत. सर बिचारे म्हणत, "मला गणित येत नाही," आणि विषय संपवत.

यंदा शाळेने मुलांची कल चाचणी घेतली. भाषा, गणित, तर्क असे तीन पेपर. गणितात नापास होईल त्याची रवानगी वर्षभर कच्च्या वर्गात. निकाल लागला आणि मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. जी मुलं भाषेत आपटली, तीच गणितात आणि तीच तर्कात.

"तुम्ही नक्की काय तपासलंत?" त्यांनी बाईंना विचारलं. "उद्या कच्च्या वर्गाची यादी लावायची आहे. त्याआधी पेपर एकदा यजमानांना दाखवा."

बाईंना हे फार झोंबलं. पण संध्याकाळी त्यांनी पेपर सरांपुढे आपटला. पहिलाच प्रश्न होता: 'ज्याच्या सर्वांत खालच्या खणात आठ पुस्तके असून वरील प्रत्येक खणात लगतच्या खालील खणातील पुस्तकांपेक्षा दोनने न्यून पुस्तके आहेत, अशा तीन खणांच्या कपाटातील पुस्तकांची एकूण संख्या किती?'

सरांचा हात सवयीने लाल पेनाकडे गेला. त्यांनी लिहिलं: 'कपाटाला तीन खण आहेत. सगळ्यात खाली आठ पुस्तकं. वर जाताना प्रत्येक खणात दोन कमी. एकूण किती?' मग मान वर करून ते म्हणाले, "अठरा का गं?"

बाईंनी पटकन बेरीज करून पाहिली. इतकी वर्षं ज्या माणसाला दुधाचा हिशेबसुद्धा दिला नाही, त्याचं उत्तर बरोबर होतं!

"अहो, तुम्हाला गणित येतं?"

"छे! वाक्य तेवढं नीट केलं."

रात्री बाईंना धड झोप लागली नाही. सकाळी यादी पर्समध्येच ठेवून त्यांनी नापास मुलांना सरांनी सोप्या वाक्यांत लिहून दिलेले सगळे प्रश्न दिले. भराभर उत्तरं आली. कधी तोंड न उघडणारी एक मुलगी सगळ्यांआधी कागद घेऊन टेबलाशी आली.

"बाई, हे सोपं होतं. त्या दिवशी का नाही विचारलंत?"

'त्या दिवशीही हेच विचारलं होतं,' असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या पोरीचा फुललेला चेहरा बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "मला विचारता आलं नाही."