डासांचं यंत्र

"बाबा, आज दूध साडेबाराऐवजी एकला दिलंत का हो?"

सूनबाईनं चपला काढता काढता विचारलं. स्वर अगदी साधा होता, पण आजोबांच्या मनात पाल चुकचुकली. दूध एकला दिलं होतं हे खरं. मात्र ते घरात तिघांनाच ठाऊक होतं. एक टिचकी, वय महिने नऊ, जिला अजून 'बब' याच्या पलीकडे काही बोलता येत नव्हतं. दुसरे आजोबा स्वतः. आणि तिसऱ्या कामाच्या बाई, ज्या त्या वेळी फरशी पुसत होत्या.

म्हणजे बाईच, आजोबांनी मनात नोंद केली.

आजोबांनी एकतीस वर्षं बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून काढली होती. संशय घेणं हेच त्यांचं पोट भरण्याचं साधन. त्यांची एक पद्धत होती. आधी पाय बघायचे, मग चेहरा, तिकीट सर्वांत शेवटी. विनातिकीट माणसाच्या पायांची बोटं दाराकडे वळलेली असतात, आणि तो न विचारता जास्त बोलतो. हे त्यांनी जेवताना इतक्या वेळा सांगितलं होतं की सूनबाईला ते पाठ होतं.

आता नोकरी होती ती टिचकीची. मुलगा आणि सून कामावर गेले की नऊ ते सहा ती आजोबांची. टिचकी रांगायला लागल्यापासून घरात एकही वस्तू जागेवर राहिली नव्हती. खुर्चीचा पाय, चपलेचा पट्टा, गालिच्याचा धागा, सगळ्याची चव तिला माहीत होती. तिच्यामागे फिरून आजोबांचे गुडघे कुरकुरत. पण बायको गेल्यानंतर सकाळी उठायला त्यांच्याकडे हेच एक कारण होतं.

आणि हेच कारण हातचं जायची भीती होती. महिन्यापूर्वी, दुपारी जेवण झाल्यावर, ते खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. टिचकी उंबरा ओलांडून थेट मोरीपर्यंत गेली. बाईंनी फरशी पुसायला भरून ठेवलेल्या बादलीच्या काठाला धरून ती उभी राहिली होती, डोकं आत. बाईंनी धावत जाऊन तिला उचललं. केसच तेवढे भिजले होते.

तोवर आजोबा जागे होऊन मोरीपाशी आले होते. बाई टिचकीचं डोकं पुसत म्हणाल्या होत्या, "मी काही बघितलं नाही. तुम्हीपण विसरा."

त्यांना विसरता आलं नाही. घरात पाळणाघराचा विषय आधी एकदा निघून मिटला होता. ही गोष्ट कळली तर तो पुन्हा निघणार, आणि या वेळी मिटणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

त्यानंतर आठवड्याभरात मुलानं एक पांढरं, कांद्याएवढं यंत्र आणून टिचकीच्या खोलीतल्या फळीवर ठेवलं होतं. "डासांचं आहे, बाबा. बंद नका करू." डास होते तेवढेच राहिले. आजोबांनी दोनदा तक्रार केली. "हळूहळू गुण येतो," मुलगा म्हणाला आणि मोज्याचा जोड शोधायला लागला.

दूध एकला दिल्याची चौकशी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आजोबांनी बाईंना दारातच अडवलं.

"या खोलीची फरशी आजपासून मी पुसेन."

"का? नीट पुसली जात नाही का?"

"तसं नाही. पोरगी झोपलेली असते. जाग येते तिला."

टिचकी त्याच वेळी त्यांच्या पायाशी बसून बाईंच्या पदराचं टोक चोखत होती. बाईंनी ते हळूच सोडवून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून त्यांचं फडकं उंबऱ्यापाशी थांबायला लागलं. बाहेरची फरशी ओली, आतली कोरडी. आजोबांनी सवयीनं बाईंचे पाय बघितले होते. बोटं सरळ होती. पण मनात एकदा किल्मिष आलं की माणूस स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवत नाही.

तरी खात्री करायला त्यांनी सापळा लावला. बाई काम आटपून गेल्या, दाराला कडी लागली, त्यानंतर त्यांनी टिचकीला स्वेटर मुद्दाम उलटं घातलं आणि तासाभरानं काढून ठेवलं. या पोरखेळाचं त्यांचं त्यांनाच हसू आलं.

संध्याकाळी सूनबाईनं टिचकीला उचलून घेतलं. "उलट्या स्वेटरची बटणं टोचली का गं माझ्या बाळाला?"

बोलून गेली आणि घाईघाईनं टिचकीचे केस नीट करायला लागली. आजोबांनी खाली बघितलं. सूनबाईच्या पायांची बोटं स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली होती.

त्या रात्री ते अंथरुणात पडून हिशोब मांडत राहिले. बाई नाहीत, तर मग कोण? शेजारची खिडकी? भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं, पण डोळे?

दुसऱ्या दिवशी सकाळी टिचकी नेहमीसारखी फळीखाली जाऊन बसली. हा तिचा रोजचा खेळ होता. डावीकडे रांगायचं, थांबायचं, वर बघून खिदळायचं. मग उजवीकडे रांगायचं, पुन्हा वर बघायचं. तिला यंत्राचा दिवा आवडतो असं आजोबांनी धरून ठेवलं होतं. आज ते गुडघे टेकून तिच्या शेजारी रांगायला लागले. ही पोर बघते तरी काय, ते तिच्याच उंचीवरून बघू म्हणाले.

टिचकी डावीकडे गेली. यंत्राची मान डावीकडे वळली. टिचकी उजवीकडे आली, मानही आली. मग आजोबा एकटेच दाराकडे सरकले. यंत्र क्षणभर थांबलं आणि त्यांच्याकडे वळलं.

डास शोधत असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि दुसऱ्याच क्षणी सगळा उलगडा झाला. ते तसेच दोन हात दोन पायांवर राहिले. एकतीस वर्षं त्यांनी इतरांना पकडलं होतं, आणि तीन आठवडे स्वतःवरचा तपासनीस त्यांना दिसला नव्हता. टिचकीनं तर त्याच्याशी मैत्रीसुद्धा केली होती.

आधी राग आला. यंत्राचं तोंड भिंतीकडे करावं म्हणून ते उठले. हात फळीपर्यंत गेला आणि थांबला. तपासनीस चढला की खिडकीबाहेर तोंड करून बसणारी विनातिकीट माणसं त्यांना आठवली.

बाई आल्या. बादली ठेवून, फडकं पिळून, उंबऱ्याशी वाकल्या.

"आत या," आजोबा म्हणाले.

"नको, तुम्हीच म्हणालात ना."

"चूक झाली माझी. तुमच्यावर संशय घेतला. या, बसा इथे."

बाई अवघडून खुर्चीच्या कडेवर बसल्या. आजोबांनी टिचकीला मांडीवर घेतलं आणि फळीकडे तोंड केलं.

"सूनबाई, महिन्यापूर्वी दुपारी मला झोप लागली होती. ही बादलीत वाकली होती. या बाईंनी तिला वाचवलं आणि कोणाला सांगितलं नाही. मीही लपवलं."

बाईंनी आधी फळीकडे, मग आजोबांकडे बघितलं. "कोणाशी बोलताय? आणि कशाला उकरून काढताय आजोबा? पाठवतील हो तिला पाळणाघरात."

"पाठवतील," आजोबा म्हणाले. टिचकीनं त्यांच्या तोंडात बोट घातलं, आवाज कुठून येतो ते बघायला.

सूनबाई त्या दिवशी चारलाच घरी आली. डोळे लाल होते. पाण्याचा पेला घेऊन ती आजोबांच्या समोर बसली.

"तुमच्यावर पाळत ठेवायला नको होती, बाबा. पण महिन्यापूर्वी त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तुम्ही न विचारता खूप बोललात. 'दुपारभर जागा होतो, डोळ्याला डोळा लागू दिला नाही'... तुम्हीच सांगता ना, तिकीट नसलं की माणूस जास्त बोलतो."

"बरोबर ओळखलंस."

"सोमवारपासून पाळणाघर. रागावलात?"

"तिकीट नव्हतं, पकडला गेलो. त्यात राग कसला?" ते म्हणाले. राग नव्हताच. त्यांनी उठून टिचकीचे मोजे गोळा करायला घेतले.

सोमवारी टिचकीला घेऊन तेच गेले. पाळणाघरातल्या मुलीनं वही काढली. दूध साडेबाराला, आजोबा सांगत गेले. झोपताना उजवा कान चोळते. धागे खाते. पाण्याची बादली दिसली की कितीही लांबून जाते, तिथे तिच्यावरची नजर हटवू नका. मुलीनं हात पुढे केले. टिचकीला तिच्या वहीचं कुतूहल वाटलं आणि ती सरळ तिच्याकडे गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

आजोबा घरी आले. बाई येऊन गेल्या होत्या. खोलीची फरशी पार भिंतीपर्यंत ओली होती. ते कडेकडेनं चालत गालिच्यावर राहिलेला टिचकीचा मोजा उचलायला गेले.

फळीवर काहीतरी बारीक घरघरलं. यंत्राची मान वळली आणि त्यांच्यावर येऊन थांबली.

"मीच आहे," आजोबा म्हणाले, आणि मोजा वर धरून दाखवला.