आप्पांचं भाषण

माझे वडील आप्पासाहेब चितेगावचे. पैठण रोडला कारखाने आले तेव्हा आमची अर्धी जमीन त्यात गेली. शेत सुटलं आणि आप्पांनी भाषणं धरली. विद्यापीठाचं नाव बदलू नये, एवढं एकच त्यांचं भाषण. विद्यापीठाच्या कमानीखालून ते जन्मात कधी आत गेले नव्हते, पण बोलायचे असे, जणू सातबारा त्यांच्याच नावावर आहे.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात एका सभेत ते एक वाक्य बोलले, थांबले आणि पुन्हा तेच वाक्य बोलले. मग पुन्हा तेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा धाकटा भाऊ बद्रीनाथ कारखान्यांना मजूर पुरवायचा, सभांना माणसंही तोच पुरवायचा. तो म्हणाला, "आप्पा लई ठासून बोलले."

माय काळजीत होती. मला म्हणाली, "आशा, परवा विकलेल्या शेतावर गेले अन् कारखान्याच्या वॉचमनला विचारत बसले, माझी इहीर कुठं नेली म्हणून. हातातून वाटी सुटती. ह्ये म्हातारपण नाय."

मी त्यांना शहरात मोठ्या डॉक्टरकडं नेलं. मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "मानेतून मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी अरुंद झालीये. मेंदूला रक्त पुरत नाही. बारीक बारीक झटके येऊन गेलेत, तुम्हाला कळलेही नाहीत. गेलं ते परत येणार नाही. पण रक्तदाब आवरला, तंबाखू सुटली, तर पुढचं लांबवता येईल."

बद्रीला हे सांगितलं, तर तो आधी दार लावून आला. "बाहेर बोलू नको. उन्हाचा तरास हाय म्हण."

"आणि गोळ्या?"

"गोळ्यांनी सुस्ती येती त्यांना. सभेच्या दिवशी नको."

त्या दिवाळीनंतर रोजच कुठं ना कुठं सभा असायची.

डिसेंबरात आप्पा माइकसमोर उभे राहिले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग बद्रीकडं वळून विचारलं, "कशाचं नाव रे?" ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. मागं कुणीतरी हसलं. आप्पांनी तोंड उघडलं, शब्द फुटेना, आणि उजवा पाय दुमडून ते खाली बसले. कार्यकर्त्यांनी आधी माइक सांभाळला, मग माणूस.

दवाखान्यातून मी त्यांना आणि मायला शहरात, सिडकोत माझ्या घरी आणलं. बद्री भांडायला आला. "पोरीच्या घरी बाप ठेवला तर लोक काय म्हणतील? पुढच्या सभेला निदान स्टेजवर बसव त्यांना."

"भाषण तुला पाठ आहे," मी म्हणाले. "तुझ्या डोक्याला रक्त पुरतंय ना? मग तूच बोल."

जानेवारीत विद्यापीठाला नवं नाव मिळालं. मी आप्पांना पेपर वाचून दाखवला. "बरं," म्हणाले, आणि चहा मागितला. शेजारणी म्हणायच्या, आजारानं माणूस किती निवळला. मला हसू यायचं. निवळले कुठले, सकाळीच त्यांनी मायच्या अंगावर पेला फेकला होता. त्यांच्या भाषणानंतर गावातल्या दलित वस्तीतली माणसं दोन दोन दिवस घराबाहेर पडत नसत, तेवढं ते विसरले होते. वस्ती विसरली नसेल.

स्टेजवर त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांपैकी एकजणही त्यांना बघायला आला नाही.

गोळ्या चालू राहिल्या, तंबाखू मायनं बंद केली. तरी एकेका झटक्यासरशी ते पायरी पायरीनं उतरत गेले. आधी नातवंडांची नावं गेली, मग माझं. मला वाईट वाटलं, आणि वाटलं याचाही राग आला.

तीन वर्षांनी बद्री निवडणुकीला उभा राहिला आणि फोटोग्राफर घेऊन दारात आला. वडिलांच्या पाया पडतानाचा फोटो हवा होता.

माय उंबऱ्यातच उभी राहिली. "ते निजलेत. तू जा."

आप्पा खाटेवर जागे बसले होते. फोटोग्राफरला ते दारातून दिसतही होते. बद्री थोडा वेळ घुटमळला आणि निघून गेला. मायनं दार लोटलं आणि दुधात भाकर कुस्करायला बसली.