कोळशाची रेघ

"गाभा गेला दर्यावरी, पांढरं गेलं चुलीवरी."

आजा रंधा मारताना हे गुणगुणायचा. शैला तेव्हा भुशात बसून ढलप्यांच्या बांगड्या करायची. आजा जाऊन वीस वर्षं झाली. पण आज बोईसरच्या लाकडाच्या वखारीत उभी असताना तोच आवाज तिच्या कानाशी घुमत होता, आणि दर खेपेला तिच्या अंगाची आग होत होती.

टेम्पोतून उतरवलेली फळी समोर पडली होती. दातिवऱ्याच्या चंद्रकांताबाईंच्या होडीच्या तळाची. एका कडेची वीतभर पट्टी किड्यांनी खाऊन चाळण केलेली. बाकीची फळी मात्र दगडासारखी शाबूत.

"तीन वर्षांत होडी फुटली!" चंद्रकांताबाई कडाडल्या. "माझा भाचा भर दर्यात डब्यानं पाणी उपसत होता. तो बुडला असता तर कुणाच्या दारात रडायचं होतं मी?"

शैलाचा बाप, ती होडी बांधणारा बळवंत मिस्त्री, वखारवाल्यावर धावून गेला. "आफ्रिकेचा साग म्हणून गळ्यात मारलास, ललितशेट! साग हाय का साबुदाणा?"

"इरोको आहे तो, मिस्त्री, अस्सल," ललितशेट म्हणाले. "ताजा कापला की हळदीसारखा, ऊन खाल्लं की तपकिरी. गाभ्याला कीड लागत नाही. लागते ती बाहेरच्या पांढऱ्याला." मग त्यांची नजर करवतीपाशी उभ्या गोमावर गेली. "आणि पांढरं वेगळं करायचं काम याचं. गोमा, उद्यापासून येऊ नकोस."

गोमा डोंगरपट्टीतला. बारा वर्षं याच करवतीवर. या लाकडाच्या भुशानं कोपरापर्यंत कातडी सोललेली, तोंडावर सदा फडकं.

"मिस्त्रींनी फळी अखंड मागितली, शेट. म्हणून कापलं नाय," तो म्हणाला. "कोळशानं रेघ मारली. रेघेपलीकडचं होडीला लावू नका, बोललो."

"कसली रेघ?" बळवंत खिदळला. "ताडी पिऊन सपनात मारली असशील!"

चंद्रकांताबाईही हसल्या. शैलाच्या मुठी वळल्या.

रेघ होती. काळी, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तीन वर्षांपूर्वी, नारळी पुनव आठ दिवसांवर आलेली आणि पांढरं काढलं तर फळी वीतभर कमी पडत होती. नवी आणायला वेळ नव्हता. "बाबा, ही रेघ," ती म्हणाली होती. बाप खेकसला होता, "रंधा मार. माशाचं तेल पाजलं की सगळ्याचा रंग एकच." तिनं मारला. काळ्या काठाची ढलपी वळून तिच्या तळहातावर पडली होती, लहानपणीच्या बांगडीसारखी.

ती फळी न्यायला शैला वखारीत आली त्या दिवशी गोमानं तिला एक पांढरा खडा दिला होता, लाकडाच्या पोटातून निघालेला. "या झाडाला जखम झाली की ते आत खडा धरतं," तो म्हणाला होता. "वरून कळत नाय. करवतीचे दात पडले की कळतं." तीन वर्षं तो खडा घरच्या मांडणीवर होता, तेलाच्या डब्यामागे.

गोमानं तोंडावरचं फडकं सोडलं. झटकलं. घडी घातली. भांडला नाही, शिवी दिली नाही. "चालतो, शेट," एवढंच.

ते ऐकलं आणि शैलाचा उरलासुरला धीर सुटला. बापाचा राग तिनं जन्मभर सोसला होता; या माणसाचं गप्प राहणं तिला सोसेना.

"थांब, गोमादादा!"

"शैले, तू मधी बोलू नको," बळवंत गुरकावला.

"तीन वर्षं नाय बोलले, तेच चुकलं!" तिनं फळीच्या सडक्या कडेवर टाच आपटली; पीठ उडालं. "बघा, बाय, बघा! कीड कुठं थांबली ती बघा. सुतानं आखल्यासारखी थांबलीय. त्याच जागी याची रेघ होती. या डोळ्यांनी पाहिली, आणि या हातांनी तासली. आजा सांगून गेला होता, यानं सांगितलं होतं, मला ठाऊक होतं. आणि बाबा, 'रंधा मार' बोलणारे तुमी होता."