सरकत्या खोलीची फट

रविवारी धारवाडला निघतो, असे यशोदाबाईंनी थोरल्या बहिणीला कळवून टाकले होते. मणक्यांच्या आजाराने त्यांना फार वेळ बसवत नसे. जायचे तर याच महिन्यात, पुढे अंगात त्राण राहणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते. त्यांचे यजमान शरच्चंद्र यांनी मोटारीमागे जोडायचे चाकांवरचे घर बांधून घेतले होते ते याच प्रवासासाठी. मुक्कामी त्याची एक बाजू खणासारखी बाहेर सरके आणि पलंगापुरती खोली तयार होई.

घर बांधणाऱ्या राजशेखरने पावसाळ्यापूर्वीच बजावले होते : सरकत्या बाजूच्या फटीवरची रबरी पट्टी पुसून तिला सिलिकॉन लावत जा, छतावरचे पाणी निपटल्याशिवाय खोली आत घेऊ नका. याची काही गरज नाही, असा शरच्चंद्र तासभर वाद घालून जिंकले होते. पुढे कोपऱ्यातून थेंब येऊ लागला, तेव्हा त्याला बोलावणे म्हणजे हार मानणे. म्हणून त्यांनी फटीत सोलापुरी चादरीची घडी बसवली होती.

आज, निघायचे दिवस जवळ आल्यावर नाइलाजाने बोलावलेल्या राजशेखरने ती ओढून काढली.

"सर, ही कुणी कोंबली हितं?"

"मी. पाणी अडावे म्हणून."

"अडवती कुटली! वातीवानी बाहेरचं पाणी वडून आत सोडलं की तिनं. तिच्यामुळं पट्टीबी टेकली न्हाय." त्याने तळाच्या प्लायवूडवर अंगठा दाबला. ते भिजल्या भाकरीसारखे खचले. "पलंग न्हाय पेलायचं हे. सगळा तळ काढावा लागंल. महिना धरा."

"महिना नाही माझ्याकडे, राजशेखर."

राजशेखर खाली मान घालून हत्यारे गोळा करू लागला.

शरच्चंद्र घरात आले. वाटेत त्यांनी वाक्य जुळवले, मोडले, पुन्हा जुळवले. खिडकीपाशी पडलेल्या यशोदाबाईंनी सगळे ऐकलेच होते. त्यांच्या कानाशी फोन होता.

"अक्का, माझ्यानंच होईना गं. नाही येत मी. गाडीला काय धाड भरलीय? ह्यांनी अगदी सज्ज ठेवलीय."

"यशोदा, अगं दोष माझा—" शरच्चंद्र म्हणू लागले. यशोदाबाईंनी हातानेच त्यांना गप्प केले.

"बरं, मग मीच येते की," पलीकडून अक्कांचा थकलेला आवाज आला. त्यांनी अंथरूण धरल्याला दोन वर्षे झाली होती.

"ये. पुरणपोळी करून ठेवते."

"तूप जास्त घाल. मागं हात आखडला होतास."

दोघी बहिणी हसू लागल्या आणि बराच वेळ कुणीच फोन ठेवला नाही.