हवालदारणीचा नियम

दुसऱ्याच्या देशात सेवा करायला यायचं आणि तिथे कुणाला हात मात्र द्यायचा नाही, हा नियम ज्याने काढला त्याच्या डोक्यात भुसा भरलेला असणार, असं माझं ठाम मत होतं. आमच्या केंद्रात तो फिजिओने काढला होता. वयाने माझ्या मुलीसारखी, पण मी तिला मनातल्या मनात हवालदारीण म्हणायचे.

तिथे आम्ही दोघीच मराठी. खोली एक, खाटा दोन, खिडकीतून समोरची भिंत. कृत्रिम पाय बसवलेल्या लोकांना ती चालायला शिकवायची, मी त्या पायांचे पट्टे शिवायचे. माझं मशीन चालण्याच्या हॉलमध्येच होतं. पहिल्याच आठवड्यात एक गवंडी आधाराच्या दांड्यांमध्ये कोसळला आणि मी कात्री टाकून धावले.

"काकू, जागेवर बसा!" ती ओरडली. "त्याने हात मागितला का?"

"अगं, माणूस पडलाय!"

"पडू दे. मागितल्याशिवाय हात द्यायचा नाही. घरी गेल्यावर कोण बसलंय त्याला उचलायला?"

गवंडी घामाघूम होऊन, आम्हा दोघींना शिव्या देत, आपला आपण उठला. मला तिचा असा संताप आला! जन्मभर मी सगळ्यांच्या पुढे पुढे करत आले, मला नुसतं बसून बघायची सवय नाही.

मग एका संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, तू अजिबात काळजी करू नकोस. तुझ्यावाचून आमचं काही अडत नाही." बिचारा धीर देत होता. फोन ठेवला आणि मला रडू कोसळलं. आता आपण कुणालाच नको आहोत, हे नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. हवालदारीण समोरच्या खाटेवर बसून राहिली. पाठीवरून हात नाही की पाण्याचा पेला नाही. दगडाला पाझर फुटेल, पण हिला नाही. शेवटी मीच उठले, तोंड धुतलं, चहा टाकला.

"उठलात ना? झालं तर मग," ती म्हणाली.

मी अबोला धरला. पण खोटं कशाला बोलू? रोज घरी फोन करून 'कुकरच्या शिट्ट्या किती काढल्या' विचारणं मी त्यानंतरच बंद केलं. हॉलमध्ये कुणी पडलं तरी हात मांडीखाली दाबून बसायला शिकले. रविवारी केंद्र बंद असायचं. आम्ही दोघी आपापल्या खाटेवर, बोलायला काही नाही. एकटेपण अंगवळणी पडतं, गोड काही लागत नाही.

अशाच एका रविवारी दुपारी तिच्या भावाचा फोन आला. आई गेली. वेळेवर पोचेल असं विमान नव्हतं. "दादा, माझ्यासाठी थांबू नका. उरकून घ्या," एवढंच म्हणाली आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली.

मी उठणारच होते. मग वाटलं, हिने मागितलेलं नाही. हिचा नियम आपण आजच्या दिवशी तरी मोडू नये. समोर बसून राहिले. ती एकाच टॉवेलची घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. मांडीखाली माझ्या हातांना मुंग्या आल्या. ती मागेना, मी देईना. समोरच्या भिंतीवरचं ऊन हळूहळू वर सरकलं आणि गेलं, तरी टॉवेल चालूच.

"खड्ड्यात गेला तुझा नियम!" मी उठले, टॉवेल ओढून घेतला आणि तिचं डोकं पोटाशी धरलं. ती इतकी थरथरत होती की खाट कुरकुरायला लागली.

"किती वेळ लावलात हो, काकू," ती म्हणाली. "मला मागता येत नाही."