पाच भोकांची डिस्क

शाळेची व्हॅन मी चालवते, पण तिच्या चाकांचा निर्णय घेतला माझ्या दिराने. बेला गावात त्याचं, प्रितमचं, गॅरेज आहे, त्यामुळे गाडीच्या बाबतीत आमच्या घरात त्याचाच शब्द शेवटचा. माझ्या व्हॅनच्या चाकांना चार बोल्ट. जुन्या रिमा वाकल्या म्हणून याने भंगारातल्या गाडीची पाच बोल्टची चाकं आणली, चाक ज्यावर बसतं ते हबही तिचेच लावले. ब्रेकच्या जुन्या डिस्क त्यावर बसेनात, तर त्यांनाच ड्रिलने पाच-पाच नवी भोकं पाडली. मला विचारावं असं कुणालाही वाटलं नाही.

मी गॅरेजात गेले तेव्हा एक डिस्क टेबलावर पडली होती. नवं भोक जुन्याला इतकं खेटलेलं की मधे नखाएवढंही बीड उरलं नव्हतं. ओतीव लोखंड ते. ब्रेक दाबताना तडकलं तर पोरांना घेऊन मी कुठे जाऊन आदळणार? मी सरळ सांगितलं, दुसऱ्या डिस्क आणा, तोवर गाडी उभी राहील. त्याने मान वरही केली नाही. माझा नवराही तिथेच होता. त्याचं काम त्याला करू दे म्हणून तो माझ्यावरच खेकसला. मी हटेना, तेव्हा प्रितमने पाना खाली ठेवला.

"वहिनी, माही उत्कर्षा रोज तुमच्याच गाडीत बसते. मी काय माह्या पोरीच्या जिवावर उठलो?"

पोरीच्या बापानेच असं म्हटल्यावर मी विश्वास ठेवला. राग गिळला आणि त्याच डिस्क बसवल्यावर किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवशी पोरं घेत घेत, जपून गाडी हाकत मी प्रितमच्या दारात हॉर्न वाजवला. उत्कर्षा आली नाही. तिची आई प्रीती फाटकापर्यंत आली आणि खाली बघत म्हणाली, तिला बापानेच मोटरसायकलवर नेलं. मी कारण विचारलं.

"मले काई सांगतलं नाई, ताई. म्हणे, काई दिवस तिले व्हॅननं धाडू नको."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे त्याला ठाऊक होतं. भोक पाडतानाच ठाऊक होतं, आणि तरी त्याने ही सगळी पोरं माझ्या हवाली केली. मी गाडी तिथेच बंद केली. एकेकाला उतरवून त्याच्याच ओट्यावर बसवलं आणि घरोघरी फोन लावले, या आणि आपापली पोरं घेऊन जा.

एका पोराचे आजोबा, भगवानराव, कपाशीतून तसेच उठून आले, मागोमाग इतर आले. प्रितम परतला तेव्हा ओटा भरला होता. त्याने माझ्यावरच आवाज चढवला, गावात बदनामी करून राह्यल्या म्हणाला. मी ओरडले नाही. उत्कर्षा व्हॅनमध्ये का नव्हती, एवढंच विचारलं. तिचा पेपर होता, लवकर जायचं होतं, असं काहीतरी तो सांगू लागला. प्रीती त्याच्याकडे न बघता घरात निघून गेली. मग त्याने सबब सोडली.

"एकच पोरगी हाय मले, वहिनी."

आवाजात लाज नव्हती. उलट हे मला आपसूक कळायला हवं होतं, असा सूर होता. भगवानरावांनी नातवाला उचलून कडेवर घेतलं आणि ते प्रितमकडे बघत राहिले. त्यांनाही नातू एकच होता.