एकाच खोक्यातले दोन वास

मी एक जुना दाढीचा ब्रश आहे. माझी लाकडी मूठ कधीकाळी काळीभोर आणि चकचकीत होती. आता पाण्याने तिच्यावर पांढरे चट्टे उठले आहेत आणि केसही निम्मेच उरले आहेत. पण मित्रांनो, माझ्या रूपावर जाऊ नका. मी एका बाईचं नाक आणि तिचे हात काय करू शकतात ते डोळ्यांनी पाहिलं आहे. ते ऐकलंत तर तुम्हीही तोंडात बोटं घालाल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. घोड्याच्या शेपटीचे केस उकळून, विंचरून, सारखे कापून माझ्या मुठीत बसवले. तपासणीच्या टेबलावरच्या बाईने मला तळहातावर गोल फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "जा बाबा, चांगल्या घरी पड." मग मला एका खोक्यात ठेवलं. माझ्या एका बाजूला कोलनची, म्हणजे दाढीनंतर लावायच्या सुगंधी पाण्याची, हिरव्या काचेची बाटली होती, दुसऱ्या बाजूला दाढीच्या क्रीमची ट्यूब. दोघांवर तीच सोनेरी अक्षरं आणि लिंबाच्या फांदीचं तेच चित्र. आम्ही तिघं भावंडंच म्हणा ना.

ते खोकं आलं एका शिंप्याच्या घरी. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. झालं होतं असं, की एका व्हायोलिन वाजवणाऱ्याचा कोट कार्यक्रमाच्या ऐन वेळी काखेत टरकन फाटला. मास्तरांनी तो त्याच्या अंगावरच शिवला, आणि एकदाही सुई टोचली नाही. दुसऱ्या दिवशी तो माणूस आम्हाला घेऊन आला. मास्तरांना ती जोडी अशी काही आवडली, की त्यानंतर तीस वर्षं त्यांनी दुसरं कोलन लावलं नाही आणि दुसरं क्रीम फासलं नाही. बाटल्या बदलल्या, ट्यूबा बदलल्या. मी मात्र तोच राहिलो.

मास्तर म्हणायचे, "शिंप्याचा धंदा म्हणजे परक्याच्या गळ्यात पडायचा धंदा. जवळ गेल्यावर माणसाला बरं वाटलं पाहिजे." आणि खरंच, मान मोजायला ते वाकले की गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "मास्तर, काय लावता हो?" सगळी वाहवा बाटलीची. कुणी विचारलं, की क्रीमही त्याच कंपनीचं का, तर मास्तर हात झटकत सांगायचे, "एकाच घरचे आहेत. वास एकच. एक फेसात, एक बाटलीत, एवढाच काय तो फरक."

मला ते पटत नसे. क्रीम रोज माझ्या केसाकेसांत शिरत होतं, त्यामुळे त्याचा वास मला पाठ होता. बाटलीचा वास नुसता लांबून यायचा. पण ब्रशला कोण विचारतो?

मास्तरांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. दुकानाच्या मागच्या भागात पडद्याआड बसून त्या काजं करायच्या, बटणं लावायच्या. कापडाला दोरा मिळवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कापडाचा तुकडा आणि दोऱ्याची रिळं घेऊन त्या खिडकीशी उभ्या राहायच्या, एकेक दोरा कापडावर ठेवून बघायच्या, आणि म्हणायच्या, "पांढऱ्यात पण चौदा पांढरे असतात. लोकांना एकच दिसतो, त्याला मी काय करू?" पहाटे उठून त्या खाली दुकान झाडायला जात, तेव्हा मास्तर वरच्या खोलीतल्या बेसिनपाशी दाढी करत. त्या वर येईपर्यंत मास्तर कोलन लावून तयार असत. तीस वर्षं हाच क्रम चालला होता.

आणि मग एका सकाळी मी मास्तरांच्या हातातून पडलो.

मास्तर कधी साधी टाचणीही खाली पाडत नसत. अर्ध्या चेहऱ्याला फेस लागला होता. मी फरशीवर आपटून बेसिनखाली घरंगळलो. पाठोपाठ मास्तरही खाली आले. आवाज ऐकून मास्तरीणबाई जिना चढून धावत आल्या. फेसाने पांढरा झालेला तो वाकडा चेहरा पाहून त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. पदराने फेस पुसला आणि खिडकीतून शेजाऱ्यांना हाक मारली.

त्यानंतर तीन आठवडे मी बेसिनखाली, अंधारात पडून होतो. केसांतला फेस वाळून दगड झाला. धूळ बसली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, आपला खेळ संपला.

मास्तर इस्पितळातून घरी आले, पण अर्धेच आले म्हणायचं. उजवा हात लुळा पडला होता. बोलणं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "वाचा परत यायची आशा आहे. पण त्यांनी प्रयत्न करायला हवा. रोज तोंडाचा व्यायाम हवा." मास्तर कसला व्यायाम करतायत! त्यांनी जे भिंतीकडे तोंड केलं, ते केलंच. दाढी वाढून गाल दिसेनासे झाले. कोपऱ्यावरचा सलूनवाला आपणहून आला, तर मास्तरांनी दात आवळले आणि डाव्या हाताने त्याची वाटी उडवून लावली.

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरातून आली होती. लहानपणी फार गुटगुटीत होती, म्हणून मास्तर तिला 'बटण' म्हणत, आणि अजूनही घरात तेच नाव होतं. ती म्हणाली, "आई, दुकान बंद कर. तुम्ही दोघं माझ्याकडे चला."

"त्यांना विचार," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बाबा बोलत नाहीत, आई."

"मग थांब थोडी."

मुलगी महिन्याभराची मुदत देऊन परत गेली. त्या दिवशी मास्तरीणबाईंना वाटलं, यांचा आवडता वास यांना दिला तर जरा बरं वाटेल. त्यांनी हिरव्या बाटलीतलं कोलन तळहातावर घेऊन मास्तरांच्या मानेला लावलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी बायकोचा हात बाजूला सारला.

"अहो, तुमचाच वास आहे ना हा?" त्या कळवळून म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली. नाही.

मास्तरीणबाईंना आधी काही उमगेना. तो वास दुकानाचा होता, गिऱ्हाइकांचा होता, आणि जो हात आता चालणार नव्हता त्या हाताचा होता, हे त्यांच्या मनात हळूहळू उतरलं असावं. त्या बराच वेळ बाटलीचं बूच लावत बसल्या.

दोन दिवसांनी फरशी पुसताना त्यांच्या फडक्याला मी लागलो. "अगं बाई, तू इथे होय!" असं म्हणून त्यांनी मला उचललं आणि वाळलेला फेस सुटावा म्हणून कढत पाण्याच्या मगात बुडवलं.

फेस विरघळू लागला, आणि वाफेबरोबर तीन आठवडे कोंडलेला वास वर आला.

मास्तरीणबाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्यांनी मला नाकाशी धरलं. मग बाटली आणली, बूच काढलं, ते हुंगलं. पुन्हा मला हुंगलं. मग मला आणि बुचाला घेऊन खिडकीशी गेल्या आणि दोरा मिळवावा तसे दोन्ही वास एकमेकांवर ठेवून बघू लागल्या. मी श्वास रोखून होतो, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता!

"यात लिंबाची साल आहे," बूच धरून त्या स्वतःशीच बोलत होत्या. "नखाने खरवडली की डोळ्यांत उडते, तशी. आणि खाली सुकं लाकूड. आणि यात..." त्यांनी मला पुन्हा नाकाशी नेलं. "यात साल नाहीच. पान आहे. लिंबाचं पान चुरगाळल्यावर येतो तो वास. त्याच्यामागे बदाम. लाकूड आहे, पण इतकं बारीक, की धाग्याएवढं."

मित्रांनो, जे मी तीस वर्षं केसांत घेऊन बसलो होतो आणि ज्याला मला शब्द सापडला नव्हता, ते या बाईने दोन मिनिटांत उलगडून ठेवलं. मी थक्क झालो. पण खरं नवल पुढेच होतं. कारण मास्तरीणबाई एकदम खाली बसल्या आणि त्यांच्या तोंडून निघालं, "हा तर माझ्या बटणच्या टाळूचा वास!"

आता मला सांगायलाच हवं. मुलगी तान्ही असताना तिचा पाळणा याच खोलीत होता. कोलनने तिला शिंका यायच्या. म्हणून मास्तर दाढी झाली की आधी पाळण्यापाशी जायचे, ओलसर गाल तिच्या टाळूला लावून उभे राहायचे, आणि मगच बाटली उघडायचे. हे बघायला तिथे मी सोडून कुणी नसायचं. मास्तरीणबाई झाडलोट करून वर यायच्या, बाळाला उचलायच्या, तिची टाळू हुंगायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या पोरीला कसा वास येतो बघा, जगात कुणाच्या पोरीला येत नसेल!" आणि मास्तर गुपचूप हसायचे.

मास्तरीणबाई मला हातात घेऊनच पलंगाशी गेल्या. माझ्यातून पाणी ठिबकत होतं.

"अहो, इकडे बघा. ती पोरीची टाळू... तो वास पोरीचा नव्हता. तुमच्या गालाचा होता. हो ना? आणि इतकी वर्षं मला वेड्यासारखं पोरीचं कौतुक करू दिलंत?"

मास्तरांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. किती दिवसांनी ते बायकोकडे नीट बघत होते!

मग त्या बाईने कधी हातात न धरलेला रेझर घेतला. आधी कात्रीने दाढी उतरवली. मला क्रीममध्ये घोळवून फेस काढला, तोही असा की मास्तरांनीही काढला नसता. आणि रेझर लावण्याआधी त्यांनी बोटं गालावरून फिरवली: वर, खाली, तिरकी. "मखमलीला लव असते तशी दाढीलाही असते," त्या पुटपुटल्या. "गळ्याशी उलटी आहे तुमची. लवेच्या दिशेने गेलं की कापड दुखावत नाही." लुळ्या पडलेल्या बाजूची कातडी सैल होती. ती त्यांनी कापडासारखी दोन बोटांनी ताणली. रेझर फिरत गेला. मी मगाच्या काठावर बसून पाहत होतो. एक थेंब रक्त आलं नाही. मास्तरांचे दात आवळलेले नव्हते. ते हनुवटी वर करून देत होते, आपणहून.

पाण्याने तोंड पुसलं. मास्तरीणबाईंनी त्या गालाला आपला गाल लावला आणि तशाच थांबल्या. नंतर सरळ होऊन, पदराने डोळे पुसून त्यांनी कमरेवर हात ठेवला.

"आणि जगाला सांगत फिरायचात, एकच वास, एकच वास! मास्तर म्हणे!"

मास्तर हसले. अर्ध्याच ओठाने, पण हसले. मग तो ओठ थरथरला, गळ्याची शीर ताठ झाली. काहीतरी वर यायला धडपडत होतं. मास्तरीणबाई हलल्या नाहीत.

"दो... न," मास्तर म्हणाले.

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते मला सांगता येणार नाही.

त्याला आता दोन वर्षं झाली. उजवा हात परत आला नाही, येणारही नाही. शब्द येतात, पण मोजून. दुकान उघडं आहे. मास्तर डाव्या हाताने कापडावर खडूच्या खुणा करतात, मास्तरीणबाई कापतात, आणि रेघ वाकडी आली म्हणून दोघं भांडतात. मुलगी येते तेव्हा वडिलांच्या गालाला गाल लावून बसते. "चला माझ्याकडे" हे ती आता सुट्टीपुरतंच म्हणते.

माझ्याबद्दल एवढंच मागणं आहे. ब्रश वापरून झाला की त्याला ओला मगात सोडून जाऊ नका. धुवा, हलक्या हाताने झटका, केस खाली करून टांगा. आम्ही पिढी काढतो. आणि तुमच्या घरी कुणी दाढी करत असेल, तर त्याने बाटली उघडायच्या आधी एकदा त्याच्या जवळ जा. मात्र जरा लवकर जा. तो वास गाल ओला असेतोवरच असतो.